वाचक मी, सूचक दिग्या

दिग्या, अर्ध्या पोथीवरून उठून गेलास. असं करतं का कुणी?

दिगंबर. कॉलेजपासूनचा माझा दोस्त. मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ऑफिसातच छातीत कळ आली आणि गेला.
आज त्याचं वर्षश्राद्ध होतं. चारठाण्याला, त्याच्याच ओसरीत बसून हे लिहितेय.

लॉकडाऊननंतर वर्क फ्रॉम होम लांबलं, तेव्हा आम्ही दोघं पुण्याहून गावाकडं आलो होतो. मी जिंतूरला, तो इथं.

ज्या स्क्रिप्टिंग भाषेत रोज कोड लिहून आमचं पोट भरत होतं, तिचा इंटरप्रिटर आतून कसा चालतो हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. एका इंटरव्ह्यूत दिग्याला नेमकं तेच विचारलं.

लगेच मला फोन.
"मॅडम, लय लाज वाटली बघ. त्याचा सोर्स कोड नेटवर उघडा पडलाय. वाचूत का? पहिल्या ओळीपासून?"
"सगळा?"
"सगळा न्हाई गं. मेन मेन फायली."

दुपारी लाइट जायची, म्हणून प्रिंट काढायला गेलो. झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, कोणत्या परीक्षेचं मटेरियल हाय हे?"
दिग्या म्हणाला, "लय अवघड परीक्षा हाय. जागा दोनच."

दिग्याचे वडील रिटायर्ड शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मी पण. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागली की वाचक तेच. वाचकानं ओवी म्हणायची, शेजारच्या सूचकानं तिचा अर्थ सांगायचा, मगच पुढची ओवी.

या बाबानं घरी चेष्टेनं सांगून ठेवलं, "रविवारी आमी दोघं पारायणाला बसायलोत."
त्याच्या आईंनी ते खरं धरलं.

मी पोचले तर ओसरीत पाट, त्यावर लाल कापड, समोर नारळ. शेजारच्या दोन काकू डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या!
आता काय करणार? वाचलं.
"इन्क्लूड, स्टँडर्ड आयओ डॉट एच."
एका काकूनं हात जोडले.

माझं हसू दाबता दबत नव्हतं. दिग्या मात्र गंभीर तोंड करून अर्थ सांगायलाय, "मंजे काकू, सैपाकाच्या आधी भांडी मांडून घ्यायलेत बघा."
काकू चांगल्या अर्धा तास बसल्या. प्रसाद घेऊनच उठल्या.

त्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "दिगू, ह्यात कथा कशाची हाय?"
"आबा, आमी लिहितो ते कॉम्प्युटरला कळत न्हाई. मधी हा बसलेला असतो. एक ओळ घ्यायची, अर्थ लावायचा, तसं करायचं. मग पुढची ओळ."
"मंजे सूचकच की रं हा!"

दिग्यानं मांडीवर थाप मारली. तिथून आमचा नियम ठरला. मी वाचक, तो सूचक. अर्थ लागल्याबिगर पुढची ओळ नाही.

एकेका ओळीवर अख्खा रविवार गेलाय आमचा. भांडणं तर विचारू नका.
"अगं पॉइंटर हाय तो, नुसतं जागा दाखवणारं बोट! तुझा नवरा हाय का, एकदा धरला की सुटंना?"
माझा नवरा हे वाचायलाय. त्याला पण हसू आलं असंल.

ऑफिस परत सुरू झालं तरी गावी आलो की बसायचोच. मी घडाघडा वाचायची, तो डोकं खाजवत अर्थ लावायचा. मला वाटायचं आपण दोघं शिकतोय. खरं सांगते, अवघड काम सगळं तोच करत होता.

शेवटचा गठ्ठा राहिला. मेमरीचा.
"हे लय चिवट हाय. दिवाळीत निवांत बसूत."

त्यानंतर वर्षभर मी ती फाइल लॅपटॉपवरसुद्धा उघडली नाही. धीरच झाला नाही.

आज जेवणं उरकली, पाव्हणे गेले. गुरुजी आतून लाल कापडात बांधलेला गठ्ठा घेऊन आले.
"पोथी अर्धी ठेवत न्हाईत, माय."
"गुरुजी, मला नाही जमणार. अर्थ तो सांगायचा."
"मी वाचतो. तू सांग."

चष्मा लावला आणि सुरू. एकेक इंग्रजी शब्द जुळवत, पोथीच्याच चालीत. कंस सोडला नाही, सेमीकोलन सोडला नाही. एरवी मी लोळून हसले असते. आज रडू आवरेना.
तरी अडखळत अडखळत सांगत गेले.

मग ती ओळ आली. मोजणीतून एक वजा करायचा, शून्य झालं तर जागा मोकळी करायची.
गुरुजी थांबले. "अर्थ?"

मला अर्थ कळला होता.
गुरुजी ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. आई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आबा," माझ्या तोंडून निघालं. आजवर मी त्यांना कधीच आबा म्हटलेलं नव्हतं.
"आबा, मंजे बघा, एका वस्तूला किती जणांनी धरलंय ते हा मोजत बसतो. एकानं सोडलं की एक कमी. पण एक जण जरी धरून असला ना, तरी ती वस्तू टाकायची न्हाई."

आईंनी डोळ्याला पदर लावला.
गुरुजी म्हणाले, "दिगूनं असंच सांगितलं असतं."
"वाचा पुढं, आबा."
त्यांनी बोट खालच्या ओळीवर नेलं.

दिवेलागणीच्या आत संपलं सगळं. आईंनी नारळ फोडला, शेजारच्या काकूंनाही प्रसाद धाडला.

दिग्या, पोथी पूर्ण झाली रे. कुठं अर्थ चुकला असंल तर सांभाळून घे.
लय आठवण येते तुझी.
निवांत रहा आता, सूचकबुवा.