पॅनलला हात कोणी लावला?

माझी फजिती ऐकायचीय? मग आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल!

तुम्हाला ठाऊकच आहे, माझ्या हाताला स्वस्थता म्हणून नाही. कारखान्यात मापयंत्रं दुरुस्त करायची नोकरी, त्यामुळे हा रोग पगारी झालाय. आणि असला हात घेऊन मी गेलो कुठे? सासुरवाडीला!

डोंगरकडा नावाच्या त्यांच्या गावात आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गावातल्या चार-पाच जणांना सोबत घेऊन हळद वाळवायचा ड्रायर टाकलाय. उष्णता मोजणारा सेन्सर ड्रायरवर, आकडा दिसतो केबिनमधल्या पॅनलवर, मधे लांबलचक वायर. आणि पंखा सुरू झाला की आकडा साठवरून थेट नव्वद! नव्वद दिसले की यंत्र घाबरून आपोआप बंद. आत सगळ्यांची शिजवलेली ओली हळद. तशीच पडून राहिली तर बुरशी धरणार.

"जावईबापू, तुमी असताना बाहेरचा माणूस काहून बोलवायचा?" मामा सगळ्यांसमोर म्हणाले. छाती फुगली ना राव!

दुखणं मी लगेच ओळखलं. ड्रायरला एक अर्थिंग, पॅनलला दुसरं, आणि दोन्हींमधून चोरटा करंट वायरीत शिरत होता. म्हटलं, मधे आयसोलेटर टाकू.

"त्यानं काय व्हतंय?" ऑपरेटर गजाननरावांनी विचारलं.

"अहो, ही डबी इकडचा निरोप तिकडं देते, पण वायरीला वायर भिडू देत नाही. अबोला धरलेल्या दोन भावांमधली आई समजा!"

माना डोलल्या. नांदेडहून डबी आणली, बसवली, पंखा सुरू केला. आकडा साठ. हललाच नाही! नारळ फुटला, मला टॉवेल-टोपी झाली, भजी तळायला निघाली.

इथे शहाणा माणूस भजी खात बसला असता. मी? पुन्हा पॅनल उघडलं! डबीच्या दोन्ही बाजूंच्या मायनसच्या वायरी अशा वेगवेगळ्या, पोरक्या दिसत होत्या, मला काही बघवेना. म्हटलं, अर्थिंग जितकं जास्त तितकं बरं. एक हिरवी वायर घेतली, दोन्ही मायनस एकत्र बांधले, अर्थिंगच्या बोल्टाला आवळले, दार लावलं.

दुसरं भजं तोंडात, तोच यंत्र बंद!

मग काय विचारता! "अर्थिंगचा खड्डा वाळलाय!" मी ओरडलो. माणसं मीठ आणि घागरी घेऊन पळाली. फरक नाही. "मोबाइल बंद करा सगळे!" केले. "शेजारची गिरणी थांबवा!" अर्धं दळण टाकून तीही थांबली. आकडा नाचतोच आहे! हळद राहिली बाजूला, मलाच घाम फुटला. हळद नासली तर मामांना गावात तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि मला सासुरवाडीला यायला.

तेवढ्यात बायको आली. "अहो, मघाशी तर चालू होतं ना? मग मधे कोणी हात लावला?"

वा! हाच तर मुद्दा! मी गरकन वळलो. "खरं सांगा, कोणी लावला हात?"

गजाननराव छताकडे बघायला लागले. एक जण रिकाम्या घागरीत डोकावून आला. मामांनी घसा खाकरला आणि लेकीला म्हणाले, "ज्यानं लावला आसंल त्याला सांग बाई, पुन्हा लावू नको म्हनावं."

"बरोबर बोललात मामा!" मी म्हणालो. "असल्या माणसाला पॅनलपाशी फिरकू देऊ नका! कुलूप घाला!"

"घालू?"

"घालाच!"

आणि तावातावानं दार उघडलं, तर समोर माझीच हिरवी वायर! ज्यांना भिडू द्यायचं नव्हतं, त्यांची मी स्वतःच्या हातानं गळाभेट घडवून आणली होती! गुपचूप वायर उपटली आणि खिशात कोंबली. पंखा सुरू. आकडा साठ.

"काय व्हतं, जावईबापू?"

"काही नाही, जरा ढिलं होतं."

"व्हय व्हय!" सगळे एका सुरात. जावयाला कोण बोलणार?

हळद झकास वाळली. पुढच्या खेपेला गेलो, तर पॅनलला हे एवढं मोठं कुलूप! म्हटलं, "मामा, किल्ली द्या, जरा बघतो."

मामांनी अदबीनं हात जोडले. "जावईबापू, तुमचाच हुकूम हाय. त्या माणसाला किल्ली द्यायची न्हाई."