मानपत्राची काच

काटकसरीवर भाषण देणाऱ्या माणसाला मी एकच प्रश्न विचारते : तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं? उत्तर द्यायच्या आधी तो हसतो. त्या हसण्याचा मला राग येतो. राग जुना आहे आणि लोणच्यासारखा मुरला आहे.

सानगडीपासून कोसभरावरच्या आमच्या गावात माझे वडील प्राथमिक शाळेचे मास्तर होते. सत्तरचं दशक सरत आलं होतं. "बचत ही सवय आहे, एकदा लागली की त्रास होत नाही," असं ते म्हणत. त्यांना होत नव्हता, हे खरंच. काडेपेटीतली काडी ते ब्लेडने उभी चिरून एकीच्या दोन करत. ती अर्धी काडी चुलीशी पेटवताना बोटं भाजत ती मायची. चहाची पत्ती दोनदा उकळायची. पहिला चहा त्यांचा, दुसरा आमचा. एसटीचे पैसे वाचवण्यासाठी बाजाराला पायी जायचं. जायची माय, कारण बाबांना सायकल होती. गाईचं सकाळचं दूध शाळेजवळच्या हॉटेलात जाई. संध्याकाळच्या दुधातून बाबांचा चहा होई आणि उरलेलं आमचं असे. उरत काही नसे.

या सगळ्याला ते शिस्त म्हणत.

पुढे मायला जवळचं धूसर दिसायला लागलं. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातले खडे दिसेनात. आमच्याकडे दोन्ही वेळा भात. खळ्यावरचे बारीक पांढरे खडे धानासोबत गिरणीत जातात आणि तांदळासोबत परत येतात. दोघांचा रंग एकच. एके दिवशी बाबांच्या दाताखाली खडा आला.

"काय निवडते वो तू? खडे ठेवते अन् तांदूळ फेकते का?"

"दिसतच नाही मले जवळचं. एखादा चश्मा आणा ना."

"चश्म्याले पैसे कायले? पोरीचे दोन डोळे रिकामेच आहेत घरात."

अशा रीतीने सातवीत असताना माझे डोळे घरच्या बचतीत जमा झाले. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी दिवा लागायच्या आत मी सूप घेऊन बसायची. अभ्यासाची वेळही तीच होती. शेजारी विचारत, तेव्हा बाबा कौतुकाने सांगत, "पोरीले आत्तापासूनच सवय लावून राहिलो."

मी नववीत गेले त्या वर्षी गावात अल्पबचतीचा कार्यक्रम ठरला. तालुक्याहून साहेब येणार होते, आणि आदर्श बचतदार म्हणून त्यांच्या हस्ते बाबांचा सत्कार होणार होता. साहेबांचं जेवण आमच्याकडे. मला स्वागतगीतात घेतलं होतं, म्हणून मी सकाळपासून शाळेत. जेवणाचा तांदूळ निवडायला घरी मायशिवाय कोणी नव्हतं.

साहेब जीपने आले, उशिरा आले आणि वेळेच्या बचतीवरही बोलले. शाल झाली, नारळ झाला. मानपत्रात 'थेंबे थेंबे तळे साचे' सुरुवातीलाही होतं आणि शेवटीही. लिहिणाऱ्याने शब्दांत काटकसर केली नव्हती. घरात 'मले-तुले' बोलणारे बाबा माइकसमोर 'मला-तुम्हाला'वर आले. "कुटुंबातील प्रत्येकाला सवय लावावी लागते," ते म्हणाले. शेवटी सहचारिणीचा उल्लेख झाला. पण सहचारिणी घरी साहेबांसाठी वडे तळत होती, त्यामुळे टाळ्या कुणाकडे बघून वाजवायच्या हे कुणालाच कळलं नाही.

जेवताना साहेबांच्या दुसऱ्याच घासाला कर्रकन आवाज आला. पंगत थांबली. बाबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तांदूळ निवडताना काय पाहून राहिली होती वो?"

माय भाताचं भांडं घेऊन दाराशी उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "काईच नाही पाहून राहिली होती, जी. तेच तं दोन वर्षांपासून सांगून राहिली."

जीपचा ड्रायव्हर हसला आणि घाईने पाणी प्यायला. साहेब म्हणाले, "घरचं धान दिसतं," आणि उरलेलं जेवण वड्यांवर भागवलं.

मला वाटलं, आता चष्मा येईल. दोन दिवसांनी बाबा मानपत्र शालीत गुंडाळून साकोलीला गेले. परत आले ते मानपत्र सागवानी चौकटीत आणि काचेत बसवून. चष्म्याच्या दोन काचांना पैसे नव्हते. मानपत्राच्या एका काचेला होते. इतकी वर्षं झाली, हे वाक्य लिहिताना आजही माझी लेखणी कागदात रुतते.

मायने ती चौकट नाकाशी नेली, मग हात लांब करून धरली. "काय लिहिलं आहे, वाच वो पोरी."

मी वाचलं, सगळं, दोन्ही तळ्यांसकट. तिने चौकट बाबांच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "उद्यापासून तांदूळ तू नाही निवडायचे. आपलं पुस्तक घेऊन बस."

"मंग निवडणार कोण?" बाबांनी विचारलं.

"कोणीच नाही. लागली की त्रास होत नाही म्हणता ना? लागेल सवय."

बाबा खडे खाऊ लागले. म्हणजे प्रत्येक घास बोटांनी चाचपून, गायीसारखा सावकाश चावून. शाळेला उशीर होऊ लागला. एका संध्याकाळी ते स्वतः सूप घेऊन बसले, भिंतीवरच्या मानपत्राच्या बरोबर खाली, आणि थोड्याच वेळात मान चोळत उठले. त्या आठवड्यातच ते मायला एसटीने भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दोघांचं जाण्यायेण्याचं तिकीट किती झालं, हे गावातल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं. मायचे डोळे किती बिघडले होते, हे कुणालाच सांगितलं नाही.

काही दिवसांनी काळ्या चौकटीचा चष्मा लावून माय घरी आली. मी पिशवी घ्यायला पुढे झाले. तिने पिशवी सोडली नाही. माझं मनगट धरलं, उजेडाकडे वळवलं, मग बाही वर सारून दंड पाहिला.

"इतकी वाळली वो तू, पोरी? घरात कोणालेच नाही दिसलं?"

"उंची घेऊन राहिली ते," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाला नेहमीसारखा किटली घेऊन आला, तेव्हा माय चष्मा लावून दारात उभी होती.

"आजपासून दूध नाही भेटत, भाऊ."

"काहून वो बाई? गाय आटली का?"

"पोरगी आटली."

आतून बाबांचा आवाज आला, "अवो, पण महिन्याचे..." मायने मागे वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं. वाक्य तिथेच राहिलं.

दुधाचा पेला तिने माझ्यासमोर ठेवला आणि समोरच बसली. दूध चुलीवरून नुकतंच उतरलेलं होतं. जीभ भाजली, पण मी पेला खाली ठेवला नाही.