देवसिंगचे डोळे आणि जीपचे दिवे

देवसिंग आडेला काहीही विचारा. शेत कुठं आहे, जावई काय करतो, कुठल्या पाहुण्याच्या घरी रस्सा पातळ असतो, सगळं तो हौसेनं सांगेल. फक्त डोळ्यांचं विचारू नका. या एका विषयावर तो घाटंजीच्या भर बाजारात तुमच्या अंगावर येईल.

त्याचा आजा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर हिंडलेला. बापानं गाडी-बैल हाकले. देवसिंगनं जीप धरली. सकाळी कापूस वेचणाऱ्या बाया शेतावर सोडायच्या, बाजाराच्या दिवशी तांड्यातली माणसं, कोंबड्या आणि मिरचीची पोती घाटंजीला न्यायची, कोणी बाळंतीण अडली तर यवतमाळ गाठायचं. खाली उतरलेला देवसिंग चारचौघांसारखा म्हातारा दिसे. पण सीटवर बसला की पाठ ताठ, हात मिशीवर, आणि हॉर्न असा की राजाची स्वारीच निघाली जणू! अख्खा तांडा त्याला ‘डायवर बा’ म्हणे.

तर या डायवर बानं दिवाळीच्या सुमारास, दिवेलागणीला, तांड्याच्या तोंडाशी असलेलं पाण्याचं टाकं जीपनं ठोकलं.

“बा, डोळे दाखव,” मुलगा संजय म्हणाला.

“माह्या डोळ्याले काही झालं नाही. टाकंच रस्त्यात आलं.”

“टाकं वीस वर्षांपासून तिथंच हाय, बा!”

“मंग त्यालेच विच्यार, आज काहून पुढं सरकलं म्हनून!”

झालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. सून वाढताना म्हणे, मामंजी, भाकर इकडं आहे. शेजारी हात हलवून विचारी, डायवर बा, बोटं किती? देवसिंगचा जीव अगदी विटून गेला. शेवटी संजयनं निकाल देऊन टाकला, “यापुढं रात्री एकदा जरी काही झालं, तं चावी माह्या खिशात. जीप विकून टाकीन.”

जीप गेली की आपण सकाळी उठून कुठं जायचं, हे देवसिंगला ठाऊक नव्हतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात राळेगावकडच्या मेहुण्याच्या घरी साखरपुडा निघाला. जमनाबाईनं, म्हणजे देवसिंगच्या बायकोनं, पेटीतला जुना जोड काढला. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे चोळी, आणि हाताएवढ्या जागेत दहा आरसे जडवलेली भरजरी ओढणी. देवसिंग नेहमी म्हणे, तू या कपड्यात बसली की जीपचं मागचं चाक दबते. जमनाबाई म्हणे, चाक दबो, माहेरात मान तं वर राह्यते.

परतताना दिवस बुडाला. देवसिंगनं दिवे लावले आणि त्याचा चेहराच उजळला. समोरचा रस्ता पांढराफटक दिसत होता. खड्डे, बाभळी, कडेची कपाशी, सगळं स्वच्छ.

“पाय, जमने, पाय! इतकं साफ मले दहा वर्षांत नाही दिसलं. अन् म्हनते डोळे गेले! डोळे उलट सुधरून राह्यले माहे!”

“चांगलं हाय. समोर पाहा.” थोड्या वेळानं ती नाक वर करून म्हणाली, “काहीतरी जळून राह्यलं का हो?”

“तुह्या भावाच्या घरची दाळ जळलती. तिचाच वास हाय अजून.”

“माह्या भावाचं नाव काढू नका. तीन वाट्या पेले ती दाळ.”

यावर देवसिंग एक जबरदस्त उत्तर देणार होता. त्यानं तोंड उघडलंही होतं. आणि ऐन रंगलेल्या प्रवेशात कुणीतरी बटण दाबावं, तसा काळोख झाला.

रस्ता गेला, बाभळी गेल्या, बोनेट गेलं. देवसिंगच्या मनात एकच विचार आला: डोळे गेले.

तुम्ही-आम्ही असतो तर ब्रेक दाबला असता. देवसिंगनं नाही दाबला. ब्रेक दाबला की बायको विचारणार, काय झालं? मग काय सांगायचं? त्यानं पाय थोडा सैल केला, स्टेअरिंग घट्ट धरलं आणि अंगात मुरलेल्या रस्त्याच्या भरवशावर, दगडासारखा गप्प बसून, तो काळोखात जीप चालवत राहिला. सेवालाल महाराजांच्या झेंड्यापाशी वळण येतं, एवढं त्याला आठवत होतं. झेंडा आला की गेला, हे मात्र कळायला मार्ग नव्हता.

“ओ संजयचे बा!” जमनाबाई किंचाळली. “लाइट बंद करून कायले चालवून राह्यले? मरायचं हाय काय?”

करकचून ब्रेक लागला. जीप अर्धी डांबरावर, अर्धी मातीत उभी राहिली.

“तुलेही दिसून नाही राह्यलं?” देवसिंगनं हळूच विचारलं.

“अंधारात कोनाले दिसते?”

देवसिंग इतका हसला, इतका हसला, की जमनाबाईला वाटलं याला काही झालं. तो खाली उतरला, जीपला प्रेमानं लाथ घातली आणि म्हणाला, “दिवे गेले, जमने! फक्त दिवे!”

पण हसू फार टिकलं नाही. पुढचे दिवे गेले होते, मागचेही गेले होते. जीप सुरू होत होती, पण आणखी कडेला घ्यावी तर बाजूला नाली. देवसिंगच्या बटणाच्या फोनचा उजेड काजव्याइतका.

“संजयले फोन लावा.”

“नाही लावत! तो काय म्हनन, मले तोंडपाठ हाय.”

“अन् मागून ट्रक आला तं?”

तिनं म्हणायला आणि मागं घरघर सुरू व्हायला एकच गाठ पडली. कापसाचा ट्रक, वळणावरून, भरधाव. देवसिंग फोन हलवत ओरडू लागला. जमनाबाईनं काही ओरडाआरडा केला नाही. तिनं डोक्यावरची ओढणी ओढली, दोन्ही हातांनी ताणून धरली आणि जीपच्या मागं, पण रस्त्याच्या कडेला, ती उभी राहिली. ट्रकचा उजेड वळला आणि शेकडो आरसे एकदम पेटले. काय झगमगाट तो! माझ्या उभ्या आयुष्यात नाटकातही अशी एन्ट्री मी पाहिली नाही. टायर किंचाळले. ट्रक अलीकडेच थांबला.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. “मावशी! मले वाटलं रस्त्यात लगनाचा मांडवच पडला!”

त्यानंच मग स्वतःच्या फोनवरून जमनाबाईला संजयचा नंबर लावून दिला, देवसिंग नको नको म्हणत असताना. आणि ट्रकच्या लाल दिव्यांमागून रांगत रांगत जीप घाटंजीत तनवीर मेकॅनिकच्या दुकानाशी आली. संजय मोटरसायकल घेऊन आधीच उभा होता, हाताची घडी घालून.

तनवीरनं डॅशबोर्डाखाली हात घातला आणि वितळलेलं बटण बाहेर काढलं. मग पुढच्या दिव्यांच्या काचा उघडल्या. “या अल्लाह! एवढे मोठे बल्ब कोनं टाकले? ही वायर जुन्या बल्बची हाय, चाचा. गरम होऊन जळनारच ना!”

देवसिंगनं जमनाबाईकडं पाहिलं. जमनाबाईनं संजयकडं. संजयची घडी सुटली.

“मी टाकले,” तो पुटपुटला. “काल, यवतमाळहून आनून. बाले नीट दिसावं म्हनून.”

वा! देवसिंगला आयुष्यात असा प्रसंग पुन्हा मिळणार नव्हता. छाती भरून आली, हात मिशीकडं गेला. आता पोराला असा सोलायचा की अख्खा तांडा महिनाभर हसेल.

तेवढ्यात तनवीरनं सहज विचारलं, “नशीब चांगलं. लाइट गेल्याबरोबर गाडी थांबवली ना चाचा तुमी?”

जमनाबाई ओढणीचा एक उसवलेला आरसा बोटानं दाबत बसली. तिनं मान वर केली नाही. ती काही बोलणार नव्हती, हे देवसिंगला कळलं. हो म्हटलं की संपलं. जीप आपली.

त्याचा हात मिशीवरून खाली आला.

“नाही थांबवली,” तो म्हणाला. “मले वाटलं, डोळेच गेले. तरी चालवत राह्यलो. तुही याडी, तुही माय, बाजूले बसून होती, अन् मी चालवत राह्यलो.”

देवसिंगनं खिशातून चावी काढली आणि संजयच्या हातावर आपटली.

“विकायची नाही! सांगून ठेवतो. सकाळी यवतमाळले डोळे दाखवाले नेजो. डॉक्टर हो म्हनला का चावी वापस. अन् तनवीर, बल्ब जुनेच टाक. लय उजेडानं मानूस चढून जाते.”

जुने बल्ब आणि नवं बटण बसलं. मोटरसायकल तिथंच ठेवून संजयनं स्टेअरिंग धरलं. देवसिंग पहिल्यांदाच बाजूच्या सीटवर बसला आणि बसल्याबरोबर त्याचं तोंड सुरू झालं. क्लच असा नको सोडू. गिअर बदल. हॉर्न काय तुह्या सासऱ्यानं ठेवून घेतला?

“आता तरी गप बसा,” मागून जमनाबाई कावली.

देवसिंग गप्प बसला. तांड्याचं वळण दिसू लागलं, तसा तो पुढं वाकला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, “संज्या, हळू घे. इथं टाकं रस्त्यात येते.”