होडीच्या इंजिनाला मामंजींचं तेल

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सासरच्या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीतच धरली होती. मुलगी कोकणातली, म्हणजे हिला होड्यांमधलं सगळं कळतं. माझे वडील पोस्टात कारकून. खाडी ओलांडायला तरीत बसलं की मला मळमळायचं, आणि पलीकडे उतरेपर्यंत मी डोळे मिटून आईचा पदर धरून बसायची. हे मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, पोर लाजाळू आहे. पुढे मामंजींनी खरोखरच होडीचं इंजिन घरी आणलं तेव्हा ही समजूत माझ्या चांगलीच अंगाशी आली.

मामंजी म्हणजे माझे सासरे. बाजारात त्यांचं तेलाचं दुकान होतं. करडई, शेंगदाणा, एरंडेल. डब्यातला थेंब दोन बोटांत चोळायचा, हुंगायचा, जिभेला लावायचा आणि निकाल द्यायचा, ही त्यांची पद्धत. कुणाकडे जेवायला गेले तरी भाजीवरचा तवंग बघून तेल कुठल्या दुकानातलं ते ओळखत, आणि आपलं नसलं तर दुसऱ्यांदा भाजी घेत नसत. असल्या माणसाशी तेलाबद्दल वाद घालणार कोण?

इंजिन आलं ते सासूबाईंच्या माहेरापायी. त्यांचं गाव भीमेकाठी, करमाळ्याकडे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला धरणाचं पाणी चढलं आणि गाव उठून माळावर गेलं. देवीची मूर्तीसुद्धा वाजतगाजत नव्या गावठाणात नेली. पण सासूबाईंना ते पटेना. टेकडीवरचं जुनं देऊळ पाण्यात बेटासारखं उरलं होतं, आणि त्यांच्या मते माणसं जागा सोडतात, देवी सोडत नाही. दर नवरात्रात त्या तिथे ओटी भरायच्या. आता मध्ये एवढं मोठं पाणी, त्यावर वारा. वल्ह्याची होडी तिथवर न्यायला कोणी धजत नव्हतं. सासूबाईंची ओटी चुकायला लागली होती.

मामंजी या माहेराची आयुष्यभर टिंगल करत आले होते. दगडधोंड्यांचं गाव, जावयाला धड बसायला जागा नाही, वगैरे. एकदा जेवताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गाव पान्यात गेलं, मी काय बोलले न्हाई. पन देऊळ डोळ्याला दिसतंय आन ओटी भरायला जाता येत न्हाई, हे मला सोसंना." मामंजींनी भाकरी संपवली, हात धुतला आणि ते दुकानात गेले. थोड्याच दिवसांनी सरकारी भंगाराच्या लिलावातून पोत्यात गुंडाळलेलं ते धूड हातगाडीवरून आमच्या दारात आलं. नळाला पाणी आलं की बायका एकमेकींना हाका मारून उठवतात अशी आमची गल्ली, आणि तिथे होडीचं इंजिन. बघायला कोण आलं नाही ते विचारा.

मिस्त्रीनं ते खोलून, पुसून, परसात फळीला आवळून बसवलं. खालचा पंखा पाण्याच्या पिंपात बुडवला. याला स्कूटरसारखं पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं, एवढं सांगून तो निघून गेला. कुठलं आणि किती, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग काय, जो तो पंडित. समोरचे टॉवेलवाले मागावर घालायचं तेल वाटीभर घेऊन आले. शेजारच्या मास्तरांकडे स्कूटर होती. ते म्हणाले, पंपावर मिळतं ते तेल घाला, आणि टाकीत दोन डांबराच्या गोळ्या सोडा, इंजिन पळत सुटतं. डांबराच्या गोळ्यांचं नाव निघताच सासूबाईंनी नाक मुरडलं. देवीला जाताना कपाटातल्या झुरळांचा वास नको म्हणाल्या. पंपाचं नाव निघताच मामंजींचा चेहरा बदलला. तेलाच्या व्यापाऱ्यानं तेल विकत आणायचं, तेही पंपावरून, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं.

शेवटी सगळे माझ्याकडे वळले. कोकणात काय घालतात? मला माहीत नाही, मी म्हणाले. लाजू नकोस, सगळे म्हणाले. मी वैतागून सांगितलं की आमच्याकडे खोबरेल वापरतात, डोक्याला. त्यावर ही सगळी मोठी माणसं गंभीरपणे खोबरेलाचे गुणदोष बोलू लागली. मी आत जाऊन पोळ्या लाटायला बसले.

निवड झाली एरंडेलाची. एरंडेलानं पोट साफ होतं तर इंजिन का नाही होणार, असा मामंजींचा रोकडा सवाल होता. दुकानातलं सगळ्यात नितळ एरंडेल त्यांनी पळीनं मोजून पेट्रोलात ओतलं. दोरी ओढली आणि आश्चर्य म्हणजे इंजिन सुरू झालं. पिंपातलं पाणी उसळून तुळशीपर्यंत गेलं. मुलीचं लग्न ठरल्यासारखे मामंजी सगळ्यांकडे बघत होते. तेवढ्यात धूर सुरू झाला. असा गोडसर, चिकट, पांढरा धूर की पलीकडच्या आळीतून माणूस विचारायला आला. मग इंजिन ठसकलं, आणखी ठसकलं आणि गप्प झालं. टाकीत बघितलं तर एरंडेल पेट्रोलाशी फटकून तळाला जाऊन बसलेलं. प्लगवर काळा चिकटा. वाळत घातलेली सगळी धुणी पुन्हा धुवावी लागणार होती.

सासूबाई दोरीवरची चादर काढत शांतपणे म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. मी हितनंच हात जोडते." आणि आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. मामंजी कितीतरी वेळ त्या पिंपापाशी उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी भाजीला निघाले तेव्हा पंपावर स्कूटरींच्या रांगेत, स्कूटरीशिवाय, एक धोतर-टोपीवाले गृहस्थ उभे दिसले. हातात आमच्या दुकानाच्या छापाचा रिकामा डबा. पंपावरच्या माणसाकडून त्यांनी थेंबभर तेल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. मग डबा पुढे केला. वळले तर समोर मी.

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "तू मला दिसली न्हाईस, आन मी तुला दिसलो न्हाई."

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की आपण रात्री विचार करून नवं मिश्रण काढलं आहे. प्लग घासून इंजिन लावलं ते फुरफुरत चालू लागलं. गल्लीनं आमच्या दुकानाच्या तेलाची तोंड भरून स्तुती केली. मास्तर स्कूटरसाठी बाटलीभर मागायला आले. माल संपला, असं मामंजींनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

नवरात्रात आम्ही गेलो. इंजिन दुकानाच्या टेंपोत, आम्हीही त्याच टेंपोत. नव्या गावठाणातल्या एका कोळ्यानं पत्र्याची होडी दिली आणि स्वतः चालवायला बसला. मी कोकणातली, म्हणून मला मानानं इंजिनाशेजारची जागा. सासूबाई आधीच पुढे जाऊन बसल्या होत्या. काठावर टाकी भरताना मामंजींनी पूजेच्या पिशवीतून कापराची पुडी काढली, हळूच टाकीत रिकामी केली आणि कागद पुन्हा तसाच दुमडून पिशवीत ठेवला. मी बघतच राहिले. ते कुजबुजले, "तेल परक्याचं हाय. घरचं म्हणून काय तरी पडाय पायजे की."

पाणी कापत होडी निघाली. मी डोळे मिटून घेतले. मधेच कोळी म्हणाला, बाई, इथं खाली तुमच्या वेशीची कमान आहे. तेव्हा मात्र मी डोळे उघडले. सासूबाई पाण्यावर हात टेकवत होत्या.

इंजिन एकदाही थांबलं नाही. टेकडीला लागलो. ओटी भरली, नारळ फुटला. रिकाम्या गाभाऱ्यापुढे सासूबाई मनसोक्त रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी ताम्हन पुढे ओढलं आणि कापराची पुडी उलगडली. नुसता कागद.

त्यांनी मामंजींकडे बघितलं. मामंजी पाण्याकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "टाकीत घातला." आणि पुढे, "तेल पन आपलं न्हाई. पंपावरचं हाय. रांगेत उभा ऱ्हाऊन आनलं."

सासूबाईंनी कोळ्याला होडी पायरीशी घ्यायला लावली आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. निळसर धूर पायऱ्यांवरून वर देवळाकडे जाऊ लागला. त्यावर त्यांनी दोन्ही तळवे धरले आणि डोळ्यांना लावले. पुन्हा धरले आणि मामंजींच्या चेहऱ्यासमोर नेले. "घ्या आरती," म्हणाल्या. मामंजींनी टोपी काढून ती घेतली.

त्यानंतर दर नवरात्राआधी मामंजी राजरोस पंपावर जात, मास्तरांच्याच स्कूटरवर मागे बसून. आणि पूजेची पिशवी भरताना सासूबाई कापराच्या दोन पुड्या माझ्या हातात देत. "एक देवीची," म्हणायच्या, "आन एक यांच्या टाकीची."