महानंदाचा अंबाडा

डॉक्टरांनी महानंदाच्या पापण्या उचलून पाहिल्या आणि विचारलं, "कोणतं औषध प्यायली?"

तिचा नवरा, म्हणजे माझे धाकटे दीर, म्हणाले, "चक्कर आली साहेब, उन्हानं." पोलिसांची भीती, दुसरं काय! माझं डोकंच फिरलं. मी तिची थोरली जाऊ. पदराखाली आणलेला फवारणीच्या औषधाचा डबा मी टेबलावर ठेवला. "हे प्यायली. आपणहून."

"डबा आणलात, फार बरं केलंत," डॉक्टर म्हणाले.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. जिल्हा मिळाला, पाणी काही मिळालं नाही, असं आमच्या अहमदपूरकडे म्हणायचे. विहिरी आटल्या होत्या, दवाखान्यातही पाणी जपून वापरायचं.

ऑरगॅनोफॉस्फेट हे त्या विषाचं नाव. त्यानं शरीराच्या नसांवरचा ताबा सुटतो. घाम, फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्यावर अॅट्रोपिनची इंजेक्शनं देतात, त्यानं छातीतला ओलावा सुकतो. गावात शेजारणी मिठाचं पाणी पाजायला निघाल्या होत्या. ते पाजलं असतं तर ओकारी श्वासनळीत जाऊन महानंदा तिथंच गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

विष कातडीतूनही आत जातं. म्हणून नर्सबाईंनी लुगडं बदलायला, अंग आणि केस साबणानं धुवायला सांगितलं. अंग धुतलं. केसांपाशी आमच्या सासूबाई अडल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो.

"निजलेल्या सवाष्णीचे केस मोकळे सोडायलात व्हय? मेलेल्या बाईचे सोडतेत!"

वरवर ओला हात फिरवून त्यांनी तेलकट केसांचा अंबाडा घट्ट बांधला आणि वर पदर ओढला. केस धुतले का, असं नर्सबाईंनी विचारलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी होकारार्थी माना हलवल्या.

पुढं ती शुद्धीवर आली, चमचाभर पेज प्यायली. आत्याबाईंनी कपाळाला विभूती लावली. मला वाटलं, सुटलो. त्याच दुपारी पुन्हा घाम, पुन्हा घरघर. डॉक्टर आमच्याकडं संशयानं बघायला लागले. "परत काही दिलंत का हिला?"

उशी सरकवताना नर्सबाई थबकल्या. त्यांनी अंबाडा सोडला आणि तो उग्र वास खाटेभोवती पसरला. ओकारी केसांत गेली होती.

"तेलात विष मुरलंय," डॉक्टर म्हणाले. "कापा आणि डोकं धुवा. आत्ता."

"शिवा शिवा! नवरा जिता असताना?"

"आत्याबाई," मी म्हटलं, "केस ऱ्हायले अन् बाई गेली, तर काय करायचं त्या केसांचं?"

मग नर्सबाईंच्या हातातली कात्री आत्याबाईंनीच घेतली. रडत रडत, वेडेवाकडे का होईना, सगळे केस त्यांनीच कापले. डोकं धुवायला पाणी पुरेना. शेजारच्या खाटेपाशी किल्लारीकडची एक बाई नवऱ्यासाठी कळशी भरून बसली होती. "घ्या बाई, आमाला मिळंल कुठंतरी," म्हणत तिनं कळशी पुढं सरकवली. तिचं नावही मी विचारलं नाही. आजही तिला मनातल्या मनात हात जोडते.

महानंदा जगली. तुमच्या घरी असं झालं तर लपवू नका, घरगुती उपाय करू नका, डबा घेऊन दवाखाना गाठा. औषध घरात ठेवूच नका, ठेवलंच तर कुलपात. पण ती का प्यायली, हे मला विचारू नका. एकच कारण असतं तर मी केव्हाच काढून फेकलं असतं.

घरी आल्यावर एकदा ती म्हणाली, "अक्का, रोज माझी वेणी घालत होतात, माझ्या पाठीमागं बसून. माझं तोंड कव्हा बघितलंत का?"

मी तिच्या समोर जाऊन बसले.

पुढं केस पुन्हा खांद्यावर आले. वेणी आता तिची तीच घालते. मी समोर बसते आणि विचारते, "आज कसं वाटतंय?" कधी सांगते, कधी नाही. सांगत नाही त्या दिवशी मी तिथून उठत नाही.