मनोहररावांच्या गाडीतला लाल दिवा

सावनेरच्या मनोहरराव घोरमाड्यांना तुम्ही काहीही बोला, ते ऐकून घेतील. सदरा उलटा घातलाय म्हणा, घोरता फार म्हणा, हसतील. फक्त गाडी नीट चालवत नाही एवढं म्हणू नका. उभी हयात एसटीची बस चालवण्यात गेलेला माणूस हा. त्यांच्या बसमध्ये बसलं की लोकांना हमखास झोप लागायची, आणि उतरायचं गाव मागे पडलं की तेच लोक कंडक्टरशी भांडायचे. निवृत्त होताना मनोहररावांना विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला. तो त्यांनी टीव्हीच्या बरोबर वर लावला, म्हणजे घरी आलेल्या कुणाला बिल्ला न बघता बातम्या बघता येऊ नयेत.

आणि अशा माणसाची गाडी डिव्हायडरला घासली! तीही भर सकाळी, रिकाम्या रस्त्यावर. झालं असं की, त्यांच्या बायकोचं, प्रयागबाईंचं, छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. देवाच्या कृपेनं गाठ वेळेत सापडली. आता टाके वाळत आले होते आणि शनिवार-रविवार सोडून रोज शेक घ्यायला नागपूरच्या दवाखान्यात जावं लागे. रेडिएशनला घरात सगळे शेकच म्हणत. निवृत्तीनंतर घेतलेली छोटी पांढरी गाडी होती, चालवणारा घरचा होता, तेव्हा कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती. पहिले दोन-तीन दिवस छान गेले आणि मग हे डिव्हायडरचं झालं. दोघांना खरचटलंही नाही, पण गाडीच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा उठला.

ओरखडा त्यांच्या मुलीनं, वैभवीनं, पाहिला. ती नागपुरातच राहायची, सदर भागातल्या एका ऑफिसात नोकरी करायची, आणि स्वभावानं बापावर गेली होती. म्हणजे एकदा सुरू झाली की थांबायची नाही.

"बाबा, हे काय केलं?"

"काही नाई. माहं लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं म्हणजे?"

"नव्हतं म्हन्जे नव्हतं. आता काय कागदावर लिहून देऊ?"

वैभवी घाबरली होती हो, म्हणून चिडली होती. आईचं दुखणं एकीकडे, त्यात बापाचं वय झालेलं. तिनं तिथल्या तिथे निकाल दिला. शेक संपेपर्यंत आई माझ्याकडे राहील, बाबांनी सावनेरला राहायचं, आणि गाडीची किल्ली माझ्या कपाटात. मनोहररावांच्या तोंडचं पाणी पळालं. किल्ली गेली त्याचं दुःख होतंच, पण ऑपरेशनच्या दिवसापासून त्यांना प्रयागबाई नजरेआड झालेल्या चालत नव्हत्या. हे बोलून दाखवायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. ते नुसते बुटाची लेस बांधत बसले.

"मी नाई येत," प्रयागबाई म्हणाल्या. "घराकडं कोन पाहीन?"

घराकडे पाहण्यासारखं काय होतं? एक तुळस, आणि दुसऱ्यांच्याच दारात जेवून येणारं एक मांजर. वैभवीनं ते बोलून दाखवलं, पण आई काही हलेना. शेवटी बराच तमाशा झाल्यावर वैभवीनं एक आठवडा दिला. गाडीत डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा, लावायचा, रोज जातायेतानाचं रेकॉर्डिंग करायचं, रविवारी ती सगळं बघणार. गाडी ठीक चालली असेल तर ठीक, नाहीतर आई तिच्याकडे.

"लाव ना, दहा कॅमेरे लाव," मनोहरराव म्हणाले. मनातून त्यांना आनंदच झाला होता. आपलं ड्रायव्हिंग एकदा पोरीनं बघितलं की तिची बोलती बंद होणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. त्यांनी नागपुरातला सीताबर्डीचा बाजार गाठला. एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काजल नावाची मुलगी होती, तिनं काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. तिन्ही आरशाच्या मागे मावतील एवढे छोटे. चित्र तिघांचंही स्वच्छ येत होतं, तेव्हा मनोहररावांनी चष्मा सारखा करून दिव्यांकडे लक्ष दिलं. ड्रायव्हर माणूस आधी दिवेच बघणार.

पहिल्याला निळा दिवा होता, चांगला ठसठशीत. काजलनं आतलं कार्ड काढून घेतलं, तरी तो तसाच. "काका, हा रेकॉर्ड करो न करो, जळतच राहते," ती म्हणाली. मनोहररावांनी तो लगेच बाजूला सारला. डोळे उघडे ठेवून झोपणारी माणसं त्यांनी आयुष्यात बरीच पाहिली होती.

दुसऱ्याला मागे चित्र दाखवणारा पडदा होता, आवाज होता, आणि दिवा असा लख्ख की दुकानाच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडलं. "संध्याकाळी हा समोरच्या काचेवर नाचंन," मनोहरराव म्हणाले. "मी रस्ता पाहू का ह्याचा दिवा पाहू?" काजलला हे पटलं. दुकानात उभं राहून असा विचार करणारं गिऱ्हाईक आपल्याला पहिल्यांदाच भेटलं, असं तिनं सांगितलं तेव्हा मनोहरराव खुश झाले.

तिसरा लिंबाएवढा. पडदा नाही, एकच बटन, आणि ड्रायव्हरच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढा दिवा. कधी लाल, कधी हिरवा. बोलणंही रेकॉर्ड व्हायचं. पोटात छोटी बॅटरी होती, त्यामुळे गाडी बंद केल्यावरसुद्धा तो अर्धा तास चालायचा. कुठला रंग कशाचा हे काजल नीट समजावून सांगत होती, पण मनोहरराव तेव्हा खड्ड्यात गाडी आदळली तर हा निसटेल का, हे त्याची मान हलवून बघत होते.

"समजलं ना काका?"

"हो वं पोरी. आमचा जन्म गेला दिव्यात."

आणि इथेच घोळ झाला.

सोमवारी सकाळी त्यांनी गाडी सुरू केली. कॅमेरा जागा झाला आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. "घ्या! पहिल्याच दिवशी बिघाड!" मनोहरराव म्हणाले. लाल म्हणजे धोका, लाल म्हणजे थांबा, हे ज्याच्या हाडीमाशी मुरलंय त्यानं दुसरं काय म्हणायचं? त्यांनी बटन दाबलं. दिवा हिरवा झाला, शांत, स्थिर. आता ठीक झालं म्हणून त्यांनी गियर टाकला. दवाखान्याच्या पार्किंगला पोचल्यावर, उतरण्याआधी सगळं बंद करायची जुनी सवय, म्हणून पुन्हा बटन दाबलं. दिवा लाल झाला. लाल, म्हणजे बंद. किती सोपं! किल्ली काढून ते नंबर लावायला आत गेले, आणि प्रयागबाई गाडीत बसून राहिल्या, कारण आत उभं राहणं त्यांना झेपत नव्हतं.

तो आठवडा मनोहररावांनी अशी गाडी चालवली की बघत राहावं. कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे होतं, तरी ते रोज केस विंचरून बसत. शिवाय मोठ्यानं बोलत जात.

"आता इंडिकेटर देऊन राहिलो. आता सायकलवाल्याले जाऊ देऊन राहिलो."

"कोनाले सांगून राहिले हो?" प्रयागबाई विचारत.

"वैभवीले."

रविवारी दोघं वैभवीच्या घरी गेले. निकाल लागेपर्यंत म्हणून तिनं दारातच किल्ली मागून घेतली. जेवण झालं, तिनं लॅपटॉप उघडला, कार्ड घातलं. मनोहरराव खुर्ची ओढून ऐटीत बसले.

पडद्यावर एक भिंत आली. भिंतीजवळ कुणाची तरी मोटारसायकल. वैभवीनं पुढचं लावलं. तीच भिंत, दुसरी मोटारसायकल. मंगळवार, बुधवार, सगळीकडे भिंत. रस्ता नाहीच. जाताना नाही, येताना नाही. गाडी जेव्हा जेव्हा उभी होती तेवढंच काय ते रेकॉर्ड झालेलं.

"बाबा," वैभवीचा आवाज बारीक झाला, "तुम्ही मुद्दाम बंद ठेवत होता?"

"मी? बंद? अवं, हिरवा दिवा पाहूनच तर गाडी काढत होतो!"

"हिरवा म्हणजे नुसता तयार आहे. लाल लुकलुकतो तेव्हा रेकॉर्डिंग चालू असतं, बाबा. बहुतेक कॅमेऱ्यांना तसंच असतं."

सगळ्या जगात लाल म्हणजे थांब, आणि ह्या लिंबाएवढ्या वस्तूत लाल म्हणजे चल! मनोहररावांनी काजलवर राग काढायचा प्रयत्न केला, उद्याच जाऊन विचारतो म्हणाले. पण तिनं सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नव्हतं, हे त्यांना आठवत होतं. आणि पोरीच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिला दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी एकच अर्थ निघतोय. बाबांनी लपवलं असेल तर वाईट, आणि एवढंही कळलं नसेल तर त्याहून वाईट. ती आईची बॅग भरायला उठणार हे त्यांना कळलं.

लॅपटॉप तसाच सुरू होता. भिंतीवर एक खार आली आणि गेली. आणि मग प्रयागबाईंचा आवाज आला.

"ये वं बायजाबाई, इकडं ये सावलीत."

"बंद कर वं ते!" खऱ्या प्रयागबाई खुर्चीतून ओरडल्या. "ते काय पाहाचं हाये? पार्किंग हाये नुसतं!"

अर्थातच वैभवीनं आवाज वाढवला.

बायजाबाई म्हणजे पार्किंगच्या भिंतीला लागून उकडलेल्या शेंगा विकणारी बाई. रोज मनोहरराव आत गेले की ती टोपली घेऊन गाडीच्या खिडकीशी येऊन बसत असावी. प्रयागबाई तिला सांगत होत्या.

"पोरगी म्हन्ते बाबाले आता गाडी जमत नाई. माय वं, जमत कशी नाई! गतिरोधक आला का हे गाडी अशी उतरवतेत का मले समजत नाई. एक टाका दुखत नाई माहा. अ‍ॅम्बुलन्समधून घरी आली होती, त जीव जाऊन राहिला होता."

"मंग ते घासली कशी गाडी?"

"ते माह्यापायी. टाक्यात अशी कळ आली का म्या ह्याईचा हातच धरला. स्टेअरिंगवरचा हात, जोरात. गेली गाडी डिव्हायडरले. पोरीनं विचारलं त हे काय म्हन्ते? माहं लक्ष नव्हतं. माहं नाव नाई काढलं."

"तुमी काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तिनं मले ठेवून घेतलं असतं. ह्याईनं माहा गुन्हा आपल्या डोक्यावर घेतला बायजाबाई, त्या बिल्ल्यावाल्या मानसानं. लगनापासून तोंडावर एक डाव चांगलं म्हटलं नाई म्या ह्याईले. पन रोज मनात म्हन्तो, देवानं मानूस चांगला देल्ला. तू सांगू नको हो त्याईले. डोक्यावर चढतीन."

मग शेंगा फोडल्याचा आवाज आला, आणि अर्धा तास संपल्यावर पडदा काळा झाला.

प्रयागबाई पदराशी चाळा करत होत्या. मनोहररावांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. आयुष्यभर प्रवाशांनी शाबासकी दिली, साहेबांनी पाठ थोपटली, पण हे काही वेगळंच होतं. किल्ली मिळो न मिळो, हे ऐकायला मिळालं याबद्दल त्यांना देवाचे, त्या दुकानाचे, स्वतःच्या मूर्खपणाचे, सगळ्यांचे आभार मानावेसे वाटले. रेकॉर्डिंग बरोबर झालं असतं तर आठवडाभराचा डांबरी रस्ता दिसला असता, दुसरं काय?

"उद्या त्या काजलकडं जातो," ते म्हणाले.

"भांडायला?" वैभवीनं विचारलं.

"नाई वं. पेढे द्याले."

वैभवी हसली आणि हसता हसता रडली. बाबांच्या हातात तिनं किल्ली ठेवली. "चुकलं माझं. पण आई, आता तू मागे बसायचं. मागे आडवंही होता येईल, आणि तुझा हात स्टेअरिंगपर्यंत पोचणार नाही. हे मात्र माझं ऐक."

ही गोष्ट शहाणपणाची होती. मनोहररावांनी मान डोलावली. प्रयागबाईंनी मात्र ठाम नकार दिला.

"मी मागं नाई बसत."

"काहून वं?" मनोहररावांनी विचारलं.

"नाई म्हन्जे नाई." मग त्या मुलीकडे बघून बोलायला लागल्या, नवऱ्याकडे नाही. "माहेरी जाची त ह्याईच्याच बसनं जाची मी. तू मांडीवर राहाची. बसाचं मागं, बायांच्या सीटवर. समोर लिहूनच राहे, ड्रायव्हरशी बोलू नये. तिकीट काढाचं, अन् सारा रस्ता ह्याईची पाठ पाहाची. जन्मभर पाठच पाहिली म्या ह्या मानसाची. आता दुखन्याच्या निमित्तानं का होईना, रोज जाताना अन् येताना बाजूले बसाले भेटते. म्हून नाई आली मी तुह्या घरी राहाले. घर पाहाले नाई."

वैभवीनं उठून आईची चप्पल आणून दिली.

खाली गाडीजवळ आल्यावर प्रयागबाई मुकाट्यानं पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मनोहररावांनी त्यांचा पट्टा टाक्यांवर येणार नाही असा हलक्या हातानं लावला, आरसा सारखा केला, आणि किल्ली फिरवण्याआधी बायकोकडे वळून म्हणाले, "आता कळ आली त हात नको धरू वं. खांदा धर. खांद्याचं काही काम नसते."

प्रयागबाईंनी तिथेच खांदा धरला, आणि सावनेर येईपर्यंत सोडला नाही. त्या दिवशी त्यांना कळ आलीच नव्हती.