वाचकबुवांचं दुसरं तोंड

आमचे वाचकबुवा दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. आवाज असा, की त्यांनी विजेचं बिल वाचलं तरी ऐकणारा गहिवरेल. पण त्यांना आवाज मिळालेत दोन. दुसरा पोटात. जाड स्पंज लावलेल्या त्या चिमुकल्या खोलीत माइकला सगळं ऐकू जातं. तिथे कादंबरीतल्या नायिकेने डोळे मिटले, की बुवांच्या पोटात कुणीतरी स्टूल सरकवायचं.

काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेली ध्वनिमुद्रक बाई हात वर करायची.

"बुवा, तुमचं पोट परत मधे बोललं."

"काय म्हणालं?"

"कादंबरी दुसऱ्याला द्या म्हणालं."

संस्थेच्या चालकांनी खरंच तसं बजावलं होतं. बुवांनी वर्षानुवर्षं मागितलेली ती जाडजूड कादंबरी आत्ता कुठे पदरात पडली होती, आणि आठवड्याभरात पोट गप्प झालं नाही तर ती जाणार होती.

बुवा मेहुणीकडे गेले. ती वैद्य.

"भाऊजी, वाचायच्या आधी काय खाता?"

"जेवतो. वर घसा मऊ राहावा म्हणून दुधात केळं कुस्करून."

"दूध आणि केळं आम्ही एकत्र देत नाही. विरुद्ध आहार."

"अगं, पण दोघंही किती गरीब स्वभावाची!"

"वेगवेगळी असताना. तुम्ही आणि ताईसुद्धा वेगवेगळे गरीबच आहात की."

बुवांना हे इतकं पटलं, की त्यांनी सगळ्याच पदार्थांना एकमेकांपासून तोडलं. सकाळी नुसता भात. जरा वेळाने भाजी. मग फळ, मग दही, मग पुन्हा काहीतरी. बायको म्हणाली, "हे जेवण आहे की रेल्वेचं वेळापत्रक?" आणि पोटात आता स्टुलाऐवजी कपाटं सरकू लागली.

दुसरा कुणी घाबरला असता. बुवांनी माइक पोटाला लावायला सांगितला. हेडफोनचा एक कान त्यांच्याकडे, एक बाईकडे.

"ही भाजी," बुवा कुजबुजले. "भात अजून तळघरात आहे."

मेहुणीलाही ऐकायला बोलावलं. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"आधीचं पचायच्या आत वरून दुसरं टाकताय. चुलीवरच्या पाण्याला उकळी फुटायच्या बेतात असताना दर वेळी तांब्याभर गार पाणी."

"मग आधीचं पचलं हे कळायचं कसं?"

"ढेकर आली तर तिला जेवणाचा वास नको. अंग हलकं वाटलं पाहिजे. आणि भूक लागली पाहिजे. घड्याळ बघून लागते ती नव्हे."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी बुवा सकाळी एकदाच, बेताचं जेवले. बायकोने सवयीने दिलेला दूध-केळ्याचा डबा त्यांनी बाईच्या हातात ठेवला आणि बाकावर ढेकरेची वाट बघत बसले. ती आली. बुवांनी अत्तर पारखावं तशी ती पारखली, आणि आत गेले.

नायिकेने डोळे मिटले. बाईचा हात वर गेला, अर्ध्यावर थांबला, हळूच खाली आला.

प्रकरण संपल्यावर बुवांनी बाहेर येऊन भीत भीत विचारलं, "मघाशी बोललं का?"

"बोललं. पण काचेच्या अलीकडे," बाई रिकामा डबा पुढे करत म्हणाली. "कादंबरी तुमचीच राहिली. डबा मात्र उद्यापासून आणू नका."